आधी काच जाऊ दे, मग माणूस

"बांबोळीला दाखवून झालं, बेळगावला झालं, आता थेट बाहेरच नेऊया." गोव्यात ज्या घरात आजाराला नाव मिळत नाही, त्या घरात हे वाक्य कधी ना कधी येतंच. 'बाहेर' म्हणजे कुठे, हे मात्र घरागणिक बदलतं. डिचोलीच्या एखाद्या घरात बाहेर म्हणजे मुंबई, फोंड्याच्या एखाद्या घरात वेल्लोर. ज्यांचा भाऊ दुबईत किंवा भाचा इंग्लंडमधल्या स्विंडनला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर बँकॉक, लंडन, जर्मनी येतं. उलट दिशाही आहेच. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेला, आखातात नोकरी करणारा, जहाजावरून घरी पाठवलेला, या सगळ्यांच्या हिशेबात उपचारासाठीचा परवडणारा देश म्हणजे आपलाच. मोपाच्या विमानतळावर एक कुटुंब निदान शोधायला निघालेलं असतं, तेव्हाच दुसरं निदान शोधत उतरत असतं.

आजाराला नाव असलं की परदेशी उपचारांचं गणित त्या मानाने सोपं असतं. गुडघा बदलायचा, हृदयाची झडप बसवायची, तर पॅकेज असतं: इतके दिवस, अशी खोली, एवढे पैसे. चार रुग्णालयांचे दर शेजारी ठेवून तुलना करता येते. निदान न झालेल्या आजाराला पॅकेज नाही. आंतरराष्ट्रीय रुग्णांच्या टेबलावर तुम्ही बसता तेव्हा समोरच्याकडे तुम्हाला विकण्यासारखी एकच गोष्ट असते: तपासण्या. त्यांना शेवट नसतो. शिवाय ज्या तपासण्या तुम्ही इथे करून आलात, त्यातल्या निम्म्या तिथे पुन्हा होतात, कारण नेलेला कागद त्यांना वाचता येत नाही किंवा त्यावर विसंबता येत नाही.

म्हणून माझं मत असं की माणूस हलवण्याआधी जे जे हलू शकतं ते हलवावं. एमआरआयच्या मूळ प्रतिमा हलू शकतात. बायोप्सीची काच आणि मेणाचा ब्लॉक हलू शकतो. जनुकीय तपासणीचा कच्चा डेटा हलतो. आजाराचा नीट लिहिलेला इतिहास तर एका ईमेलने जातो. बहुतेक वेळा परदेशातून आपल्याला हवी असते ती अनुभवी नजर, आणि त्या नजरेखाली स्वतः रुग्णानेच जाऊन बसायला हवं असं दर वेळी नसतं.

या कामाला फाईल लागते, आणि आपल्याकडे फाईल म्हणजे पिशवी. लॅबच्या जाहिरातीची प्लास्टिकची पिशवी, त्यात एक्स-रेची मोठी पाकिटं, औषधांच्या दुकानाच्या पावत्या आणि मध्येच कुठेतरी तो एकमेव महत्त्वाचा रिपोर्ट. नवा डॉक्टर ही पिशवी उपसत बसत नाही. त्याला सगळ्यात वर एक पान हवं असतं, एकच. माणूस पूर्ण ठणठणीत होता तो शेवटचा महिना कोणता, पहिलं लक्षण काय, त्यानंतर महिन्यागणिक काय वाढत गेलं, वजन किती होतं आणि आता किती, कोणतं औषध कधी सुरू केलं आणि त्याने फरक पडला का. औषधांची नावं ब्रँडने लिहू नका, डब्यावर बारीक अक्षरात असलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहा. इथला ब्रँड बँकॉकमध्ये कोणी ओळखत नाही. 'अशक्तपणा आहे' एवढ्याने भागत नाही. जिना चढताना पायच उचलत नाहीत, की चढून गेल्यावर दम लागतो? पहिल्या उत्तरावर डॉक्टर स्नायू आणि नसांकडे वळतो, दुसऱ्यावर हृदय, फुप्फुस, रक्त यांच्याकडे. ताप असेल तर वही करा: दिवसातून चार वेळा, घड्याळातली वेळ आणि आकडा, पॅरासिटामॉल घेण्यापूर्वीचा. अंगावर पुरळ उठतं आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत मावळतं, तर शेजारी नाणं ठेवून तारखेसह फोटो काढा. झटका येत असेल तर व्हिडिओ घ्या. हात जरा लांब धरून सगळं अंग दिसू द्या, मग चेहऱ्याजवळ या. डोळे उघडे होते की मिटलेले, यावर न्यूरॉलॉजिस्ट बरंच काही ठरवतो, आणि नातेवाइकांना नेमकं तेच आठवत नाही.

रक्ताच्या रिपोर्टांचा तक्ता करणारे हौशी मुलगे-सुना बऱ्याच घरांत असतात. चांगली गोष्ट आहे, फक्त एककाचा रकाना विसरू नका. भारतात ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतं, इंग्लंडमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. त्यांच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला येतो. क्रिएटिनिनला हाच हिशेब ८८.४ चा. इथला १.२ तिथे १०६ होतो, आणि एकक न पाहता एकाच रकान्यात हे दोन आकडे बसले की मूत्रपिंड आठवड्यात निकामी झाल्यासारखं दिसतं. ड जीवनसत्त्वात फरक अडीच पटींचा. तक्ता करा, पण मूळ रिपोर्ट सोबत ठेवाच, कारण प्रत्येक लॅबची सामान्य मर्यादा तिच्या यंत्राप्रमाणे वेगळी असते.

स्कॅनची फिल्म दुसऱ्या मतासाठी जवळजवळ निकामी. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो तर पूर्णच. लागतो तो डायकॉम स्वरूपातला मूळ डेटा, सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर. स्कॅन झाल्या दिवशीच मागा आणि काउंटरवरून हलण्याआधी तो उघडतो का ते पाहा. काही सेंटर फक्त निवडक चित्रं सीडीवर घालून देतात. एका एमआरआयमध्ये शेकडो चित्रं असायला हवीत, दहा-बारा दिसली तर परत द्या. अंतर्रुग्ण म्हणून झालेल्या उपचारांची कागदपत्रं लेखी अर्ज केल्यापासून ७२ तासांत मिळणं हा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतला नियम आहे. मात्र कागद तीन वर्षंच जपून ठेवायची सक्ती आहे, तेव्हा जुन्या ॲडमिशनचे कागद आजच काढून घ्या.

आता काच. बायोप्सी म्हटलं की लोकांच्या हातात रिपोर्ट असतो, आणि त्यांना वाटतं तेवढंच असतं. रिपोर्ट म्हणजे एका माणसाने एका दिवशी काय पाहिलं त्याचं टिपण. वस्तू वेगळी आहे. पेशीसमूहाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून पॅराफिनच्या मेणात बसवतात. प्लास्टिकच्या छोट्या चौकोनी जाळीवर तो पांढरा मेणाचा ठोकळा, आत बदामाच्या कापासारखा मळकट तुकडा, आणि कडेला शाईने किंवा पेन्सिलीने घातलेला नंबर. त्याचे केसाहून बारीक काप काढून काचेवर चढवतात आणि रंगवतात, की गुलाबी-जांभळं चित्र दिसतं. हा ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यातून पुन्हा पुन्हा काप काढता येतात. म्हणजे एकदा झालेली बायोप्सी मुंबईत, वेल्लोरला, लंडनला वाचता येते, रुग्णाला पुन्हा सुई न टोचता.

ब्लॉक रुग्णालयाकडून अर्ज करून मिळतो. पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज, रुग्णाची किंवा नातेवाइकाची सही, ओळखपत्र, कधी अनामत रक्कम. मागताना नेमकं मागा: रंगवलेली काच एक, न रंगवलेल्या काचा दहा, आणि ब्लॉक. न रंगवलेल्या काचा विशेष रंगतपासणीसाठी लागतात, आणि त्या चिकट लेप असलेल्या म्हणजे चार्ज्ड काचांवरच हव्यात, नाहीतर तपासणीत काप धुऊन जातो. एकाच बायोप्सीचे अनेक ब्लॉक असतात, अ १, अ २, ब १ असे. घोळ इथे होतो. काउंटरवरचा माणूस हाताला येईल तो देतो आणि नेमका आजार नसलेला तुकडा हजारो मैल प्रवास करून येतो. आजार ज्यात सगळ्यात स्पष्ट आहे तो ब्लॉक पॅथॉलॉजिस्टलाच निवडायला सांगा, नंबर रिपोर्टशी पडताळा, आणि एक रंगवलेली काच इथेच राहू द्या. न्यायचं ते हातातल्या बॅगेतून, काचांच्या प्लास्टिक डबीत, विभागाच्या पत्रासह. पॅराफिन साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं, म्हणून मे महिन्यात पणजीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ती डबी विसरू नका.

बायोप्सी व्हायचीच असेल तर आधी एक प्रश्न विचारून घ्या: "तुकडा कशात घालणार?" मानेची गाठ काढली आणि सगळी फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेली, तर जंतू मेले, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, नाही. टीबी की लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) या वादात अर्धी गाठ सलाइनमध्ये कल्चर आणि सीबीनॅट या टीबीच्या जलद तपासणीसाठी, अर्धी फॉर्मॅलिनमध्ये, हे शस्त्रक्रियेच्या आधी ठरावं लागतं. मूत्रपिंडाच्या आणि काही त्वचारोगांच्या बायोप्सीत इम्युनोफ्लुरोसन्स नावाची तपासणी लागते, तिला फॉर्मॅलिन चालत नाही. स्नायूचा तुकडा गोठवावा लागतो. ही सोय ज्या गावात नाही तिथे बायोप्सी करून घेणं म्हणजे एक संधी वाया घालवणं. यासाठी मात्र रुग्णाने प्रवास करावा, खुशाल करावा.

तसंच स्टेरॉइडचं. ताप हटत नाही, सांधे सुजलेत, घरचे हवालदिल. कोणीतरी प्रेडनिसोलोन सुरू करतं आणि चार दिवसांत रुग्ण उठून बसतो. सगळे त्या डॉक्टरचे गुण गातात. महिन्याने ताप परततो आणि आता गाठीची बायोप्सी काहीच सांगत नाही, कारण लिम्फोमा स्टेरॉइडने तात्पुरता विरघळतो. प्रतिजैविकांचंही तेच: रक्ताचं कल्चर त्यांच्या आधी घ्यायचं असतं, निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, प्रौढाला दर बाटलीत आठ-दहा मिलिलिटर. जीव धोक्यात असेल तर अर्थातच औषध आधी. पण जो माणूस चालत ओपीडीत आला आहे त्याच्या बाबतीत 'आधी नमुना, मग औषध' हा हट्ट नातेवाइकांनी धरायला हरकत नाही.

कारण न सापडणाऱ्या तापाची जी व्याख्या अजून उद्धृत होते ती पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, मांडली: ३८.३ अंश सेल्सिअसच्या वर, तीन आठवड्यांहून जास्त, आणि रुग्णालयात आठवडाभर शोधूनही कारण नाही. त्यांच्या यादीत जे संसर्ग होते ते त्यांच्या भागातले. रुग्ण परदेशी नेताना हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण डॉक्टर कितीही हुशार असला तरी जे त्याच्या वॉर्डात कधी आलं नाही ते त्याच्या मनात पटकन येत नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडताप आहे, गोचिडीच्या चाव्यातून होणारा. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्याला अचानक ताप आला की वाळपईच्या डॉक्टरला गोचिडी आठवतात, म्युनिकच्या डॉक्टरला कशाला आठवतील? लेप्टो, स्क्रब टायफस तसेच. लांबलेल्या आजारात मला जास्त धास्ती वाटते ती मेलिओइडोसिसची. हा जंतू चिखलात आणि भातशेतीच्या पाण्यात राहतो, मधुमेही माणसाला गाठतो, फुप्फुसात टीबीसारखा दिसतो, यकृतात, प्लीहेत गळवं करतो. लॅबमध्ये त्याला पुष्कळदा स्यूडोमोनास हा नेहमीचा जंतू समजून सोडून देतात. टीबीच्या गोळ्यांनी तो हलत नाही. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून निदान १०-१४ दिवस आणि मग तीन-सहा महिने गोळ्या, असा उपचार आहे. मणिपालला या आजारावर बरंच काम झालेलं आहे, आणि मडगावहून मणिपाल (स्टेशन उडुपी) कोकण रेल्वेने काही तासांचं अंतर. लंडनचं तिकीट काढण्याआधी हे अंतर तरी मोजावं. इतिहासाच्या पानावर म्हणूनच काम, शेती, विहीर, गुरं, कच्चं दूध, जंगल आणि जहाजावरच्या माणसाने बंदरंसुद्धा लिहावीत.

चतुर्थीला तीन आठवड्यांच्या रजेवर येऊन 'एकदाचं सगळं चेकअप करून टाकू' म्हणणाऱ्यांचं गणित हमखास चुकतं. पहिले दिवस गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधण्यात आणि पाहुण्यांत जातात, सुट्टीत ओपीडी बंद, नंतर डॉक्टरची तारीख, आणि रिपोर्ट येतो तेव्हा माणूस विमानात. टीबीचं द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस लागतात. जनुकीय तपासणीला आठवडे लागतात. विशेष रंगतपासणी मागवली की बायोप्सी आठवडा-दीड आठवडा खाते. म्हणून क्रम उलटा लावायचा. ज्या तपासणीला सगळ्यात जास्त वेळ, तिचा नमुना पहिल्या दिवशी. साध्या रक्ततपासण्या कधीही होतात. त्याहून बरं म्हणजे येण्याच्या महिनाभर आधी कागद पाठवून इथल्या एखाद्या फिजिशियनशी व्हिडिओवर बोलून घ्यावं, म्हणजे उतरल्यावर तारखा हातात असतात. गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात ओपीडी युनिटच्या वाराप्रमाणे चालते. सोमवारी दाखवलं तर पुढेही सोमवारीच जा. मंगळवारी गेलात तर दुसरं युनिट, पुन्हा पहिल्यापासून कहाणी.

इंग्लंडहून येणाऱ्यांनी निघण्याआधी स्वतःच्या नोंदींची प्रत मागावी. ती कायद्याने मोफत आणि साधारण महिनाभरात मिळते, स्कॅनसकट. तिथल्या यंत्रणेवर वैतागून लोक येतात. तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवडे ही तिथली ठरवलेली मर्यादा, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त थांबावं लागतं. वैताग समजू शकतो. पण रांगेतलं नाव काढू नये. इथे मिळालेलं निदान घेऊन तिथे परत जायचंच असतं, आणि निकषात बसणाऱ्या रुग्णाची संपूर्ण जीनोम तपासणी तिथे सरकारी खर्चाने होते. इथे खिशातून एक्झोम (जीनोममधल्या फक्त प्रथिनं घडवणाऱ्या भागाची तपासणी) करून घ्यायची आणि तिथली फुकट तपासणी सोडायची, याला काय म्हणावं?

आखातातल्यांची अडचण निराळी. तिथल्या वैद्यकीय तपासणीत एक्स-रेवर टीबीचा डाग दिसला की 'अनफिट', म्हणून महिनोन्महिने खोकला लपवला जातो, वजन उतरतं आणि मग माणूस रजा काढून येतो. डॉक्टरला हे स्वच्छ सांगावं. लपवलेल्या खोकल्याने तपासणीची दिशाच बदलते. परत जाताना औषधांची बॅग तपासा. ट्रॅमाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम, प्रीगॅबालिन ही आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी औषधं संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय नेऊ नयेत. जहाजावरच्यांना एक हक्क आहे जो बहुतेकांना उशिरा कळतो. २००६ च्या सागरी श्रम करारानुसार (भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला) कराराच्या काळात सुरू झालेल्या आजाराचा खर्च जहाजमालकाकडे येतो, आणि राष्ट्रीय कायद्याने त्याला मर्यादा घातली तरी ती १६ आठवड्यांपेक्षा कमी असू शकत नाही. त्यासाठी उतरण्याचं कारण कागदावर 'वैद्यकीय' असलं पाहिजे. 'घरी जाऊन बघतो' म्हणत करार संपल्याची सही करून जो उतरतो, त्याला ते पैसे मिळवताना नाकी नऊ येतात.

जनुकीय तपासणीबद्दल थोडं. लहान मुलाचा विकास खुंटलाय, एकाच घरात दोघांना तोच त्रास, अनेक अवयव एकदम बिघडलेत, अशा ठिकाणी तिला अर्थ आहे. जांभळ्या झाकणाच्या नळीत काही मिलिलिटर रक्त लागतं. शक्य असेल तर आई-वडिलांचंही, कारण तिघांचं एकत्र वाचलं की मुलात नव्याने झालेला बदल वेगळा दिसतो. एका व्यक्तीचं एक्झोम भारतात आता लाखाच्या बरंच आत होतं, तेव्हा यासाठी परदेशी जाण्यात काही राहिलेलं नाही. मात्र एक्झोम निगेटिव्ह म्हणजे जनुकीय आजार नाही, असं धरू नका. एकच अक्षरगट पुन्हा पुन्हा वाढत जाणारे आजार, हंटिंग्टन किंवा काही अटॅक्सिया, त्यात नीट दिसत नाहीत. मायटोकाँड्रियाची तपासणी वेगळी मागावी लागते. रिपोर्टात 'अर्थ अनिश्चित' असा बदल लिहिलेला असतो, त्याला निदान समजून औषधं सुरू करणारेही भेटतात. लॅबकडून कच्चा डेटा, बॅम आणि व्हीसीएफ फायली, मागून हार्ड डिस्कवर ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी तोच डेटा पुन्हा वाचला की काहींना उत्तर मिळतं, कारण दरम्यान नवे जनुक ओळखले गेलेले असतात. हा डेटा जगात कुठेही पाठवता येतो. दुर्मिळ आजारांसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचं केईएम हे मान्य केंद्र आहे आणि यादीतल्या आजारांना ५० लाखांपर्यंत मदत आहे. पण ती मदत आजाराला नाव मिळाल्यावर. नाव शोधण्याच्या वणवणीला नाही, ही त्यातली गंमत म्हणा किंवा क्रूरपणा.

पैशाचं. मेडिक्लेमच्या ठरावीक अपवादांत 'एक्सक्ल ०४' म्हणून एक कलम असतं: केवळ तपासणीसाठी झालेलं ॲडमिशन मिळत नाही. निदान न झालेल्या रुग्णाची गाठ नेमकी याच कलमाशी पडते. ताप, वजन घटणं, शिरेतून दिलेली औषधं, असा उपचारही त्या ॲडमिशनमध्ये झाला असेल तर तो डिस्चार्ज कागदावर स्पष्ट लिहिलेला हवा. 'फॉर इव्हॅल्युएशन' एवढंच लिहिलं तर दावा अडकतो. खासगी रुग्णालयात खोलीचा वर्ग वाढला की त्याच रक्ततपासणीचा, त्याच डॉक्टरच्या भेटीचा दरही बहुधा वाढतो. तेव्हा सोयीची खोली ही फक्त खोलीची किंमत नसते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये 'जनरल' आणि 'प्रायव्हेट' अशा दोन ओपीडी आहेत. पहिलीत आधी ज्युनिअर पाहतो आणि खर्च कमी, दुसरीत थेट ज्येष्ठ डॉक्टर. गुंतागुंतीच्या आजारात जनरलचा ज्युनिअर मला तरी कमी वाटत नाही; तो अर्धा तास बसून सगळं लिहून घेतो. काटपाडीचं (वेल्लोरचं रेल्वे स्टेशन) परतीचं तिकीट मात्र आधी काढू नका. गोमेकॉत रहिवासी आणि गोव्याबाहेरचे यांचे दर २०१८ पासून वेगळे आहेत, आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोव्याच्या सरकारी आरोग्य विमा योजनेचं कार्ड चालू आहे का ते परदेशात राहणाऱ्यांनी येण्याआधी पाहावं.

परदेशी रुग्णालयाकडे अंदाजपत्रक मागाल तर एकच मोठा आकडा घेऊ नका. भेटी, तपासण्या, भरती असे तीन आकडे मागा, आणि 'या रकमेपुढे विचारल्याशिवाय जाऊ नये' हे लेखी. अनामत किती दिवसांत परत मिळते, तेही. बँकेतून पैसे पाठवताना कारण 'वैद्यकीय उपचार' असंच नोंदवा. वर्षाला १० लाखांवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर) कापला जातो आणि दुसरं कारण पडलं तर त्याचा दर चढतो. कापलेली रक्कम आयकर विवरणपत्रात वळती होते. साध्या प्रवासविम्यावर भिस्त ठेवू नका, ठरवून घेतलेला उपचार त्यात बसत नाही.

भरवसा कोणावर ठेवायचा? भिंतीवरच्या प्रमाणपत्रांचा अर्थ मर्यादित आहे. जेसीआय किंवा एनएबीएच ही रुग्णालयांची (पहिली आंतरराष्ट्रीय, दुसरी भारतीय) मान्यता म्हणजे कार्यपद्धती नीट आहे. डॉक्टरच्या डोक्याचं प्रमाणपत्र ते नव्हे. लॅबची एनएबीएल मान्यताही तपासणीगणिक असते, हवी ती तपासणी त्या यादीत आहे का ते पाहावं लागतं. मध्यस्थ फुकट मदत करतो म्हणाला, तर त्याचा कट रुग्णालयाच्या बिलात आहे, हे धरून चाला. त्याला रुग्णालयाचं नाव विचारू नका, डॉक्टरचं नाव विचारा आणि मग तो डॉक्टर त्या देशाच्या नोंदणीत शोधा. निदान न करताच स्टेम सेल टोचू म्हणणारा, केसांवरून विषारी धातू सांगणारा, शंभर खाद्यपदार्थांचं ॲलर्जी पॅनेल विकणारा, असे दिसले की पाय मागे घ्या. मला चांगल्या डॉक्टरची एक खूण पटते: पहिल्या भेटीत तो जुन्या तपासण्यांतली एखादी रद्द करतो, नवी घालण्याआधी. आणि "हे अजून मला कळलेलं नाही, पण हे हे नाही" असं लिहून देतो. ते 'हे हे नाही' फार मोलाचं, कारण पुढचा डॉक्टर तिथून सुरू करतो.

घरची मंडळी निघण्याआधी देवाला कौल लावतात. लावावा, कौल होईपर्यंत अपॉइंटमेंटचा ईमेलही करून ठेवावा. आणि गोव्यातला एक डॉक्टर, गावचा फॅमिली डॉक्टर चालेल, सगळ्या पत्रव्यवहारात सीसीत ठेवावा, म्हणजे प्रत्येक पत्राची प्रत त्याला जावी. परत आल्यावर रात्री दोन वाजता ताप चढला तर फोन त्यालाच जाणार आहे.

निदान मिळालं, औषध परदेशी निघालं आणि इथे मिळत नाही, तर स्वतःपुरतं आणायला केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नमुना १२-अ मध्ये अर्ज करून १२-ब परवाना घ्यावा लागतो. सोबत इथल्या नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा. माल निघण्याआधी परवाना हातात हवा, नाहीतर पार्सल कस्टम्समध्ये अडकतं आणि इंजेक्शन असेल तर तिथेच तापतं. २ ते ८ अंशांत ठेवायचं इंजेक्शन घरी फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला न टेकवता. गोठलेलं इंजेक्शनही वायाच. जूनच्या पहिल्या पावसात वीज जाते, त्या दिवसांसाठी थर्माकोलची पेटी आणि गोठवलेल्या जेलच्या पिशव्या आधीच आणून ठेवा. जेल आणि बाटलीच्या मध्ये टॉवेलची घडी घाला.